धातूंनीं बिघडलेली जमीन आणि तिच्यावर वनस्पतींचा व सूक्ष्म जंतूंचा उपाय

महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें जमिनीकडे प्रथम कागदाच्या बाजूनें पाहण्याची आम्हांस संवय जडली आहे. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचें नांव, विहिरींतील हिस्सा हें सर्व नोंदलेलें असतें. आणि जमीन खरेदी करणारा शहाणा मनुष्य तो रकाना आधीं वाचतो. परंतु ज्या बोजाविषयीं आज आम्ही लिहिणार आहोंत, त्याची नोंद कोणत्याहि रकान्यांत सांपडत नाहीं. तो बोजा मातींतच असतो. त्याला मुदत नाहीं, तहकुबी नाहीं, माफी नाहीं. आणि जमीन मुलाच्या नांवावर झाली कीं तो आपोआप मुलाच्या माथीं बसतो. शिसें, कॅडमियम, पारा, क्रोमियम, आर्सेनिक इत्यादि विषारी धातूंनीं जमीन दूषित होणें, हाच तो बोजा होय.

हा विषय शहरचा व कारखान्यांचा आहे, शहापूर-मुरबाडकडील भातशेतकऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीहि तसेंच म्हटलें असतें. म्हणून प्रथम आमचीच हकीकत सांगतों.

शहापुराहून मुरबाडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें किन्हवली गांव आहे. गांवच्या शिवारांत ओढ्यालगत आमचें अकरा गुंठ्यांचें एक खाचर आहे. एका उन्हाळ्यांत एक ट्रकवाला बांधावर आला व म्हणाला, "काका, काळा गाळ आहे, उत्तम खत आहे. पैसा नको, नुसती जागा दाखवा." फुकट मिळणारें खत नाकारण्याचा शहाणपणा आमच्या ठायीं नव्हता. चार गाड्या गाळ खाचरांत पडला. पहिल्या पावसाळ्यांत भात इतकें हिरवेंगार आलें कीं शेजारी बांधावर उभे राहून पाहूं लागले. दुसऱ्या वर्षीं फुटवे कमी पडले, पाती पिवळ्या पडल्या. रोपें उपटून पाहिलीं तों मुळें आंखूड व तपकिरी. तिसऱ्या वर्षीं माती व तांदूळ हीं दोन्ही पैसे भरून एका प्रयोगशाळेकडे तपासावयास पाठविलीं. मातींत कॅडमियम व शिसें हीं आमच्याच वरकस माळावरील मातीच्या कितीतरी पट निघालीं. तांदळांतील कॅडमियम आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या वर गेलें होतें. ती मर्यादा सडलेल्या तांदळाच्या एका किलोस ०.४ मिलिग्रॅम अशी आहे. गाळ कोठून आला हें आम्हांस आजतागायत समजलेलें नाहीं आणि ट्रकवाला पुन्हां दिसला नाहीं. दोष देण्यास आम्हीच उरलों.

त्या वर्षींचें पांच पोतीं भात घरांत येऊन पडलें होतें. आमचे थोरले बंधू म्हणाले, "बाजारांत घाल. तेथें कोण विचारतो?" घरांतून मात्र एवढेंच विचारण्यांत आलें कीं, "आपल्या नातीच्या ताटांत जो भात वाढणार नाहीं, तो दुसऱ्याच्या नातीच्या ताटांत कसा वाढायचा?" त्या प्रश्नावर दोघे भाऊ गप्प बसलों. तीं पांच पोतीं आजहि आमच्या पडवींत झांकणबंद पिंपांत पडून आहेत. त्या पिंपांमुळेंच आम्ही या विषयाचा अभ्यास केला. त्यांतून जें हातीं लागलें तें बंधूंपुढें ठेवीत आहोंत.

धातु नाहींसा होत नाहीं

शेण, पालापाचोळा, मेलेलें जनावर, इतकेंच नव्हे तर रॉकेल व पुष्कळशीं कीटकनाशकें हीं मातींत पडलीं म्हणजे सूक्ष्म जंतू हळूहळू त्यांचें विघटन करतात. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनीं खनिज तेलाचें विघटन करणारा जंतु अमेरिकेंत तयार केला व त्यावरील त्यांचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयानें सन १९८० मध्यें मान्य केला. अशा गोष्टी ऐकून कित्येकांची समजूत होते कीं, जंतु तेल खातो तसाच शिसेंहि खाईल. ही समजूत चुकीची आहे. तेल हा संयुक्त पदार्थ आहे. तो मोडला कीं त्याचें पाणी व कार्बनवायु होतो. शिसें हें मूलद्रव्य आहे. तें मोडून दुसरें कांहीं होत नाहीं. जंतु धातूचें रूप पालटूं शकतो, वनस्पति त्याची जागा पालटूं शकते. त्याला नाहींसें करण्याची शक्ति दोघांतहि नाहीं. बाटलींतील औषध शिंपडलें कीं मातींतला धातु खलास, असें सांगणारा विक्रेता दारीं आला तर त्यास एकच प्रश्न विचारावा: "गेला कोठें?" पुढें ज्या ज्या उपायांचें वर्णन येईल, त्या प्रत्येकास हाच प्रश्न लावून पाहावा, अशी वाचकांस विनंती आहे.

दोन नद्यांची साक्ष

धातु किती चिवट असतो हें पाहण्यास दूर जावयास नको. आमची काळू नदी सह्याद्रींत उगम पावून मुरबाड तालुक्यांतून वाहते व टिटवाळ्यावरून पुढें जाऊन उल्हासला मिळते. सन १९८२ मध्यें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स ॲण्ड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनें देशाच्या पर्यावरणाच्या स्थितीवर नागरिकांचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत टिटवाळा-आंबिवलीकडील काळूच्या पात्रांत पारा व शिसें आढळल्याची हकीकत आहे. पुढें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं उल्हासच्या खाडींतील गाळाचे थर तपासले, तेव्हां पूर्वीं सोडलेला पारा त्या थरांत टिकून राहिल्याचें दिसलें. कॉस्टिक सोडा करण्याची पाऱ्याची जुनी पद्धति आपल्या देशांतील कारखान्यांनीं नंतर सोडली; परंतु पद्धति सोडली म्हणून गाळानें पारा सोडला नाहीं. आम्ही नदीच्या वरच्या अंगास राहतों, तेव्हां तें पाणी आमच्या शेतांत चढत नाहीं, हें खरें. पण कारखान्याचा गाळ ट्रकांत बसून उलट्या दिशेनेंहि चढूं शकतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

दुसरी साक्ष जपानची असून ती भातशेतकऱ्यांस विशेष लागू आहे. तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची खाण होती. तिच्या पाण्याबरोबर कॅडमियम खालच्या भातखाचरांत उतरलें, तेथून तांदळांत व तांदळांतून माणसांच्या हाडांत गेलें. विशेषतः प्रौढ व वृद्ध स्त्रियांची हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं साध्या हालचालीनेंहि तीं मोडत. त्या रोगास तेथें 'इताइ-इताइ' म्हणजे 'दुखतें, दुखतें' असें नांव पडलें. सन १९६८ मध्यें जपान सरकारनें कॅडमियम हें त्याचें कारण मान्य केलें. त्यानंतर खाचरांची दुरुस्ती हातीं घेण्यांत आली. दूषित माती काढून किंवा खालीं गाडून वर चांगली माती पसरणें असें तें काम होतें. सुमारे ८६० हेक्टर जमिनीचें हें काम सन २०१२ मध्यें संपलें; त्यास तीसाहून अधिक वर्षें लागलीं. एवढा पैसा ओतण्याची ऐपत ज्यास नाहीं, त्यास वनस्पति व जंतू यांचा उपाय स्वस्त म्हणून आकर्षक वाटतो. तो उपाय खरा आहे; परंतु त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे.

वनस्पतींचीं तीन कामें

पहिलें काम उचलण्याचें. कांहीं वनस्पति मातींतील धातु मुळांवाटे ओढून पानांत सांठवितात. सन १९४८ मध्यें इटलींतील दोन शास्त्रज्ञांनीं तस्कनी प्रांतांतील ॲलिसम नांवाच्या एका लहानशा पिवळ्या फुलांच्या झाडांत, सुक्या पानाच्या वजनाच्या शेंकडा एकाच्या आसपास निकेल असल्याचें दाखविलें. सन १९७६ मध्यें प्रशांत महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा निळसर-हिरवा चीक तपासला, तेव्हां सुकविलेल्या चिकाचा सुमारें चौथा हिस्सा निकेल भरला. सन १९८३ मध्यें अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील रूफस चेनी यांनीं अशा झाडांचें पीक घेऊन जमीन साफ करण्याची कल्पना मांडली. सन २००१ मध्यें फ्लॉरिडांत एक नेचा आर्सेनिक मोठ्या प्रमाणांत उचलतो असें सिद्ध झालें. हा नेचा आपल्याकडेहि जुन्या विहिरींच्या व चुन्याच्या भिंतींच्या सांधींत उगवतो. आपण त्यास तण समजून उपटून टाकतों. आपली नेहमींची मोहरीहि शिसें व कॅडमियम कांहीं अंशीं उचलते, म्हणून तिच्यावर परदेशांत पुष्कळ प्रयोग झाले.

मोहरीच्या प्रयोगांत एक धोका दिसून आला, तो येथेंच सांगितला पाहिजे. शिसें मातीस घट्ट चिकटून राहतें. तें मोकळें व्हावें म्हणून प्रयोगकर्त्यांनीं मातींत एक रासायनिक द्रव्य मिसळलें. त्यानें मोहरींत शिसें पुष्कळ चढलें. परंतु मोकळें झालेलें उरलेलें शिसें पाण्याबरोबर खालीं झिरपूं लागलें. आमच्या भागांत चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथें असा प्रयोग करणें म्हणजे शेतांतील विष विहिरींत नेऊन सोडणें होय.

दुसरें काम धरून ठेवण्याचें. कित्येक वनस्पति धातु पानांत चढवीत नाहींत. मुळांत व मुळांभोंवतालच्या मातींत अडकवून ठेवतात. आपला वाळा यांत अग्रगण्य आहे. त्याचीं मुळें खोल व जाळीसारखीं जातात, त्यास शिसें बाधत नाहीं, आणि तीं मुळें मातीस वाहून जाऊं देत नाहींत. बांधाच्या रक्षणासाठीं वाळा लावावा असा प्रचार १९८० च्या दशकांत जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं आपल्या देशांत केलाच होता. दूषित जमिनीवर तोच वाळा दुप्पट उपयोगी पडतो. मात्र तेथील मुळ्या सरबतांत, अत्तरांत किंवा औषधांत जातां कामा नयेत.

तिसरें काम उडवून लावण्याचें. पारा किंवा सेलेनियम यांचें वाफेंत रूपांतर करून तें हवेंत सोडणें कांहीं वनस्पतींस व जंतूंस साधतें. येथें आपला प्रश्न विचारावा: गेला कोठें? हवेंत गेला, आणि पाऊस पडला कीं कोणाच्या तरी शेतांत उतरला. आम्ही हा उपाय शेतकऱ्यास सुचविणार नाहीं.

थोडा हिशेब

कारकुनास हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचें वजन सुमारे ९०० टन भरतें. किलोमागें एक मिलिग्रॅम म्हणजेच टनामागें एक ग्रॅम. समजा, मातींत टनामागें ५ ग्रॅम कॅडमियम आहे व तें ३ ग्रॅमवर आणावयाचें आहे. तर एकरामागें १,८०० ग्रॅम कॅडमियम बाहेर काढलें पाहिजे. मोहरीसारख्या पिकाचा सुका पाला एकरीं ४ टन, म्हणजे उदारपणें धरला, आणि त्यांत टनामागें २० ग्रॅम कॅडमियम चढलें असें मानलें, तर वर्षाकांठीं ८० ग्रॅम निघेल. १,८०० ग्रॅमांस साडेबावीस वर्षें लागतील. प्रत्यक्षांत अधिकच लागतील. कारण सहज निघणारा हिस्सा आधीं निघतो आणि राहिलेला मातीस घट्ट धरून बसतो.

आतां शिशाचें पाहूं. टनामागें ५०० ग्रॅमवरून ३०० वर आणावयाचें तर एकरीं १८० किलो शिसें काढलें पाहिजे. पाल्यांत टनामागें १०० ग्रॅम चढलें तरी वर्षाला ४०० ग्रॅम निघेल. म्हणजे साडेचारशें वर्षें! हे आंकडे हिशेबाकरितां धरलेले आहेत. प्रत्येक शेताचे निराळे पडतील. पण त्यांवरून गोष्ट स्पष्ट होते ती अशी कीं, थोड्या प्रमाणांतील कॅडमियम, निकेल किंवा आर्सेनिक यांचें कर्ज वनस्पति एका पिढींत कदाचित् फेडूं शकतील. शिशाचें कर्ज फेडण्याची आशा करूं नये, तें बांधून ठेवावें.

सूक्ष्म जंतूंचें काम

मुळांच्या लगतच्या मातींत जंतूंची वस्ती इतर मातीपेक्षां पुष्कळ दाट असते. त्यांतील कांहीं नत्र बांधतात, कांहीं स्फुरद मोकळें करतात, कांहीं मुळांवरील ताण कमी करणारे पदार्थ निर्माण करतात. दूषित जमिनींत रोप जगतें कीं मरतें हें पुष्कळदां या मित्रांवर अवलंबून असतें. म्हणून मातींत शेणखत, ताग व धैंचा यांचें हिरवें खत घालून जंतूंस अन्न देणें हा पहिला इलाज.

दुसरें काम भातशेतकऱ्यांनीं नीट लक्षांत घ्यावें. खाचर पाण्याखालीं असतां मातींत हवा राहत नाहीं. अशा वेळीं गंधक-क्षारांवर जगणारे जंतू गंधकाचा एक वायु निर्माण करतात व त्याशीं संयोग पावून कॅडमियम न विरघळणारें होतें. अर्थात् पाण्याखालच्या खाचरांत भाताचीं मुळें कॅडमियम कमी घेतात. पाणी काढून माती भेगाळली कीं तेंच कॅडमियम पुन्हां विरघळूं लागतें. आणि भात निसवून दाणा भरण्याच्या वेळीं असें झालें तर तें थेट दाण्यांत जातें. म्हणून कॅडमियमचा संशय असलेल्या खाचरांत दाणा भरेपर्यंत पाणी तुटूं देऊं नये. परंतु आर्सेनिकाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे; तें पाण्याखालीं मोकळें होतें व भातांत अधिक चढतें. तेव्हां कोणता धातु आहे हें तपासल्यावांचून उपाय करणें म्हणजे नाडी न पाहतां मात्रा देणें होय.

क्रोमियमचें एक रूप अतिशय विषारी व पाण्यांत सहज वाहणारें असतें. कांहीं जंतू त्याचें दुसऱ्या, पुष्कळ कमी विषारी व स्थिर रूपांत परिवर्तन करतात. ही त्यांची कामगिरी खरोखर मोलाची आहे. उलट पाण्याखालच्या गाळांतील कांहीं जंतू साध्या पाऱ्याचें अशा रूपांत परिवर्तन करतात कीं, तें माशांत सांठतें व माणसाच्या मेंदूस बाधतें. सन १९५६ मध्यें जपानांतील मिनामाटा येथें जो रोग उघडकीस आला, तो याच रूपांतील पाऱ्याचा. म्हणून जंतूंस मित्र म्हणतांना कोणत्या धातूपुढें व कोणत्या स्थितींत, हें विचारावें.

नागपूरकडील उदाहरण

आपल्या महाराष्ट्रांत वनस्पति व जंतू यांची जोडी जमिनीवर यशस्वीपणें लावल्याचें चांगलें उदाहरण नागपूर जिल्ह्यांत आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जिला सर्वजण 'नीरी' म्हणतात, गुमगांव येथील मॅंगनीजच्या खाणींतून निघालेल्या दगडमातीच्या उजाड ढिगांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलें. त्या ढिगांत सेंद्रिय द्रव्य नव्हतें, नत्र नव्हतें, जंतू नव्हते; होता तो धातु. शास्त्रज्ञांनीं खड्ड्यांत साखर कारखान्याची मळी घातली, नत्र बांधणारे जंतू व मुळांस चिकटून राहणारी बुरशी रोपांस लावली, आणि साग, शिसव, कडुनिंब यांसारखीं झाडें लावलीं. कांहीं वर्षांत त्या ढिगांवर झाडी उभी राहिली. खापरखेडा येथील विजेच्या कारखान्याच्या राखेवरहि त्यांनीं असाच प्रयोग केला. तेथें हेक्टरीं ५० टन शेणखत व जंतूंचें खत घातल्यावर राखेंतील कॅडमियम, तांबें, निकेल व शिसें यांची बाधा पाव हिश्शापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी झाल्याचें सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालें.

येथेंहि प्रश्न विचारूं: धातु गेला कोठें? बहुतांशीं कोठेंच गेला नाहीं. शेणखतांतील सेंद्रिय द्रव्यानें त्यास बांधलें, मुळांनीं अडविलें, पाल्यानें झांकलें. धूळ उडणें व पावसाबरोबर धातु वाहणें थांबलें. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, तेथें लांकडाचीं झाडें लावलीं, तांदूळ पिकविला नाहीं.

कापलेलें पीक राबांत जाळूं नये

आतां ज्या चुकीचें आम्हांस सर्वांत अधिक भय वाटतें, ती सांगतों. आपल्या भागांत रोपांच्या जागीं राब भाजण्याची चाल आहे. फांद्या, पाला, गवत, शेण, जें हातीं येईल तें पसरून जाळावयाचें. ज्यानें दूषित खाचरांत मोहरी लावली, तिनें कष्टानें धातु पानांत चढविला, आणि फाल्गुनांत तो पाला राबांत गेला, तर धातु राखेंतून आवणांत आणि आवणाबरोबर गांवभरच्या खाचरांत पोंचला; कांहीं कॅडमियम धुराबरोबर माणसांच्या छातींत गेलें. अकरा गुंठ्यांचा बोजा असा अकरा एकरांवर पसरेल. तो पाला गुरांस घालूं नये, उकिरड्यावर टाकूं नये, चुलींत घालूं नये. राबांत प्लॅस्टिक, जुनें रबर व रंगविलेलें लांकूड जाळण्याची जी नवी खोड लागली आहे, तीहि याच कारणानें सोडावी.

जलपर्णीविषयींहि हाच इशारा आहे. ती पाण्यांतील धातु मुळांत चांगला ओढते. म्हणून कारखान्यांच्या खालच्या अंगास उल्हास नदींतून काढलेल्या जलपर्णीचें खत तपासल्यावांचून शेतांत घालूं नये.

शेतकऱ्यानें काय करावें

१. आपल्या मृद् आरोग्य पत्रिकेवर विसंबूं नये. सन २०१५ मध्यें सुरू झालेल्या या पत्रिकेंत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह इत्यादि बारा गोष्टी असतात. त्यांत शिसें, कॅडमियम, पारा नसतात. संशय असेल तर त्या धातूंची तपासणी नांव घेऊन मागावी.

२. नमुना आठ-दहा ठिकाणांहून, सहा इंच खोलीपर्यंतचा, लांकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनानें घ्यावा. त्याबरोबर न बिघडलेल्या शेजारच्या जमिनीचाहि एक नमुना द्यावा. कारण आपल्या काळ्या खडकाच्या मातींत तांबें, निकेल व क्रोमियम हीं स्वभावतःच कांहींशीं अधिक असतात. तुलना केल्यावांचून आंकड्यास अर्थ नाहीं.

३. कोंकणपट्टींतील माती आम्ल असते व आम्ल मातींत कॅडमियम अधिक विरघळतें. प्रयोगशाळेच्या सल्ल्यानें चुना घालून सामू साडेसहाच्या आसपास आणावा व शेणखत भरपूर घालावें.

४. दूषित जागीं पालक, माठ, मुळा अशा भाज्या लावूं नयेत. पालेभाज्या धातु चटकन् उचलतात. बांबू, साग, करंज, वाळा लावावा. मोहरी किंवा नेचा लावल्यास कापलेला पाला निराळा, झांकून, पाण्यापासून दूर ठेवावा व तो कोठें द्यावा हें प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी विचारावें.

५. फुकटचा गाळ, राख, काळी माती किंवा पाणी कोणी देऊं केल्यास प्रथम त्याचें नांव, गाडीचा नंबर व तपासणीचा दाखला मागावा. दाखला नसेल तर गाडी परत पाठवावी. घातक कचरा शेतांत टाकणें हा सन २०१६ च्या नियमांचा भंग आहे. तो अधिकृत केंद्रांतच गेला पाहिजे, आणि असें एक केंद्र तळोजा येथें आहे. रात्रीं गाडी रिकामी होतांना दिसली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील कार्यालयाकडे व तलाठ्याकडे लेखी तक्रार करावी व पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीचें काय होतें हें आम्ही तीस वर्षें पाहत आलों आहोंत.

आमच्या अकरा गुंठ्यांचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. तेथें भात लावणें आम्हीं बंद केलें आहे. चुना व शेणखत घातलें, ओढ्याच्या बाजूस वाळ्याच्या दोन दाट रांगा लावल्या, म्हणजे पावसानें माती ओढ्यांत जाऊं नये. मधल्या जागेंत बांबू लावला. गेल्या पावसाळ्यांत बांबूस चांगले कोंब आले. जमीन स्वच्छ झाली असें आम्ही म्हणत नाहीं. ती कोणास अपाय करीत नाहीं, इतकेंच साधलें आहे. थोरले बंधू आतां त्या बांबूस पाणी घालतात व भाताविषयीं बोलत नाहींत.

एक काम मात्र आम्हीं कारकुनाच्या रीतीनें केलें आहे. एका वहींत त्या खाचराचा गट नंबर, गाळ पडल्याचें वर्ष, तपासणीचे आंकडे व 'येथें खाण्याचें पीक घेऊं नये' हा शेरा लिहून ती वही सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवली आहे. आमच्यामागें जो जमीन कसेल किंवा विकत घेईल, त्यास बोजा कळला पाहिजे. ज्या बंधूंच्या शेतांत अशी एखादी गाडी कधींकाळीं रिकामी झाली असेल, त्यांनींहि लाज न बाळगतां तसें लिहून ठेवावें, आणि ज्यांच्याकडे अजून ती गाडी आली नाहीं त्यांनीं तिला बांधावरूनच परत लावावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.